यादीबाहेरची कबर

मंगळवारी मजुरांनी अम्मीच्या कबरीवर फरशी बसवली. अब्बा तिथं होते. मी शाळेत होतो. कबरींची यादी मी केली होती आणि त्या यादीत अम्मीची कबर नव्हती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाणी प्यायला दिलं, चप्पल काढू दिली, आणि मग विचारलं, "क्या मास्तर, सब मुर्दे बराबर उतरे यादी में?"

त्यांना उत्तर नकोच होतं.

आमच्या मोहल्ल्याच्या मागं, खाम नदीकडं उतरणाऱ्या बोळाच्या टोकाला एक लहान घुमट आहे. कुण्या सुभेदाराच्या बायकोचा आहे म्हणतात. त्यावर एक अक्षर नाही, त्यामुळं म्हणणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. घुमटाभोवती आमच्या मोहल्ल्याचं कबरस्तान. काही कबरी दगडाच्या, काही विटांच्या, आणि बऱ्याचशा कच्च्या, म्हणजे नुसत्या मातीच्या. अम्मीची कच्ची होती. ही गरिबीची गोष्ट नव्हती. अब्बांचं म्हणणं असं की माणूस मातीचा आहे, त्याच्यावर दगड ठेवून त्याला अडवू नये. दर वर्षी शब-ए-बरातच्या, म्हणजे कबरींवर जायच्या रातीच्या, आधी एका दुपारी ते घमेलं घेऊन जायचे, नदीची माती कालवायचे आणि पावसानं खचलेला उंचवटा हातानं लिंपून पुन्हा उभा करायचे. उशाशी सब्जाचं रोप लावायचे. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवलेली होती. त्या जागेवर कुणी पाय ठेवला तर म्हणायचे, "ए, मेरे बिस्तर पे नक्को."

ही थट्टा होती, पण जागेचं वेड खरं होतं. पोलीस ॲक्शनच्या साली, निजामाच्या राज्यात फौज शिरली तेव्हा, अब्बांचे वडील कापडाचं गाठोडं घेऊन पिशोरच्या बाजाराला गेले आणि परत आले नाहीत. कुठं पडले, कुणी माती दिली की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही. अब्बा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. त्यांनी त्याबद्दल कधी रडगाणं लावलं नाही. घरातलं कुणी अर्धा तास उशिरा आलं तर मात्र ते दारात उभे असायचे.

अब्बा जिल्दसाज होते. शाळांच्या वह्या, कोर्टाची दप्तरं, वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायचे. घरात खळीचा वास असायचा. पुस्तकं चार दिवस आमच्याकडं मुक्कामाला यायची आणि मी ती वाचून काढायचो. त्यांना स्वतःला उर्दू वाचता यायची, मराठी नाही. निजाम गेला, कचेऱ्यांतली उर्दू गेली, म्हणून त्यांनी मला मराठी शाळेत घातलं. मोहल्ल्यात लोकांनी नावं ठेवली. अब्बा म्हणाले, "अब सरकार मराठी में लिखती. घर में एक तो होना, जो पढ़के बताए के हमारे बारे में क्या लिखा." मी मराठी शिकलो. पुढं मराठीचाच शिक्षक झालो. आमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवण्यापर्यंत ठीक होतं. लिहायचं कामही माझ्याकडंच येईल, हे त्यांनी धरलं नव्हतं.

तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. हिवाळ्यात वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या बसगाड्या मुक्कामाला शहरात असायच्या, आणि दुपारी त्या सगळ्या एकाच वेळी मकबऱ्याकडं आणि पाणचक्कीकडं वळायच्या. डिसेंबरात त्यात शाळांच्या सहलींची भर. रस्त्यात रिक्षा हलायची नाही. म्हणून सरकारी कचेरीत ठरलं की गर्दी विभागायची. काही गाड्या दुसऱ्या जुन्या इमारतींकडं पाठवायच्या. त्या इमारतींत आमचा घुमट निघाला. एका बाजूनं माणसं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, मध्ये कुणी थांबायचं नाही. आत यायची वाट बोळातून होती. बाहेर पडायची नव्यानं करायची होती, कबरस्तानातून नदीकाठच्या गाडीतळापर्यंत.

त्या कामावरचे साहेब बिडकीनकडचे होते. चांगला माणूस. शाळेत येऊन माझ्यासमोरच्या बाकावर, मुलांच्या बाकावर, बसले.

"गुरुजी, तुम्हाला उर्दू वाचता येतं, मराठी लिहिता येतं, अक्षर सुंदर. असा माणूस मला दुसरा कुठं घावणार? कबरी किती, कुणाच्या, एवढी यादी करून द्या. जी कबर यादीत, तिला कठडा करून देऊ. तिच्या घरच्यांना पुढं एका माणसाची जागा राखून ठेवू. बाकी दफन बंद."

मी तीन रविवार कबरस्तानात काढले. दगडी कबरींचं सोपं होतं, त्यांच्यावर नाव होतं. विटांच्या कबरींचेही वारस ठाम होते. भांडण कच्च्या कबरींवरून सुरू झालं. एका उंचवट्यावर दोन घरं हक्क सांगू लागली. एक जण तर मोकळ्या जमिनीवर उभा राहून म्हणाला, "ये मेरी खाला है." मी विचारलं, कशावरून. तो म्हणाला, "मैं बोल रहा ना." तिसऱ्या रविवारी मी ठरवलं की यादीत फक्त बांधलेल्या कबरी घ्यायच्या. जे सिद्ध होतं ते लिहायचं. कच्च्या कबरींचा भाग यादीसोबतच्या नकाशावर कोरा ठेवायचा. कोरा भाग म्हणजे हात न लावण्याचा भाग, असं मला वाटलं. ज्यानं आयुष्यभर वहीत समास सोडला त्याला असं वाटतं.

साहेबांनी यादी चाळली आणि मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, तुमच्या घरचं कोण असंल मातीखाली तर घाला की यात. मी काय उकरून बघणार व्हय?"

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

"लई सरळ हायेत तुम्ही."

"बाकीच्या कच्च्या वगळून माझ्या आईची तेवढी घालायची, हे बरं दिसत नाही."

साहेबांनी खांदे उडवले. मी मात्र खूश होतो. ते वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाताना मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

यादी पक्की झाली तेव्हा साहेबांनी ती बांधून मागितली, आणि शहरात बांधणारा तर आमच्याच घरात होता. अब्बांनी पैसे घेतले नाहीत. कोर्टासाठी ठेवलेलं चांगलं कापड काढलं, पुठ्ठ्याचे कोपरे घासून गोल केले, पानं शिवली, वरखाली अबरीचा रंगीत कागद लावला. मोहल्ल्यात सांगत फिरले की पोरानं लिहिलं, बापानं बांधलं. वाळायला दगडाखाली ठेवण्याआधी त्यांनी पानं बोटानं सरकवली आणि विचारलं, "इसमें तेरी अम्मी किस पन्ने पे है?"

मी म्हणालो, "कच्च्यांचं वेगळं आहे."

"वो भी ला, साथ में सी देतूँ."

"ते कचेरीतच आहे."

कचेरीत असं काही नव्हतं. कोऱ्या भागाला मी मनातल्या मनात वेगळा कागद म्हणत होतो. अब्बांनी मान हलवली आणि दगड ठेवला. आपल्या बायकोला सोडून बाकी साऱ्यांची यादी त्यांनी इतकी सुबक बांधली की साहेबांनी ती वरच्या साहेबांना दाखवायला नेली.

त्या मंगळवारी काय झालं ते मला कबर खोदणाऱ्या चाचांनी सांगितलं. त्यांचं घर कबरस्तानाच्या कडेलाच. मजूर माती सपाट करायला लागले तेव्हा चाचा मध्ये पडले, म्हणाले, इथं बाई आहे. मुकादमानं नकाशा उघडला. तिथं कोरं होतं. "यादीत बगा की चाचा, गुरुजींनीच लिवलीय." चाचा बाजूला झाले.

"तुम्ही मला बोलवायचं होतं," मी म्हणालो.

"मैं समझा बेटे ने छोड़ा तो सोचकेच छोड़ा होगा," चाचा म्हणाले. "घर का मामला. मैं कौन?"

अब्बा घमेलं घेऊन पोचले तोवर पहिली ओळ बसून झाली होती. ते आरडाओरडा करतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी फक्त मुकादमाला विचारलं की किताब कुठं आहे. मुकादमानं ती दिली. अब्बांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, शिवण तपासली आणि परत केली.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडं गेलो. त्यांना खरंच वाईट वाटलं. खुर्चीवरून उठून त्यांनी मला बसायला लावलं.

"मी म्हणलो होतो तुम्हाला."

"हो."

"आता फरशी काढायची तर कारण लागतंय. कारण म्हणजे यादी. अन् यादीवर सही तुमची. आज ही एक काढली की उद्या सगळा मोहल्ला येतो, माझी खाला, माझा चुलता. तुम्हीच म्हणलात ना, नियम सगळ्यांना सारखा."

माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं परत केलं. त्यांच्या मनात टोमणा नव्हता. त्यांना ते पटलं होतं.

वाट सुरू झाली. अब्बा रोज दुपारी फरशीच्या कडेला उकिडवे बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच म्हणायचे, "चप्पल निकालो बाबा, इत्ती जगा में." चार पावलांची जागा. काही माणसं दचकून चप्पल काढायची. बरीचशी त्यांना जोडे सांभाळणारा समजली. जोडे त्यांच्यापुढं सोडून ती फोटो काढायला मागं फिरायची, आणि येऊन त्यांच्या हातावर नाणं ठेवायची. पहिल्या दिवशी अब्बांनी नाणी फेकून दिली. नंतर फेकणं बंद केलं. संध्याकाळी घरी येऊन मी तपासत असलेल्या निबंधांच्या वह्यांवर ती ओतायचे.

"ले. तेरी अम्मी की कमाई."

मी वह्या बाजूला घेतल्या तर म्हणायचे, "कायकु शरमाता? तूच लगाया उसको नौकरी पे."

हे रोज चाललं. आवाज कधी चढला नाही. जेवायला हाक मारायचे, तब्येत विचारायचे, आणि नाणी ओतायचे.

जानेवारीत आमच्या शाळेची सहल निघाली. शेंद्र्याकडच्या खेड्यांतली मुलंही आमच्याकडं होती, त्यांनी शहरातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. मकबरा, पाणचक्की, आणि गर्दी म्हणून आम्हाला घुमटाकडं वळवलं. मी नववीच्या वर्गापुढं होतो. मागं दुसऱ्या शाळेची रांग, तिच्या मागं परदेशी माणसांचा एक गट, फाटकावर शिट्टी. वळणावर अब्बा बसलेले दिसले. मागं फिरायला जागा नव्हती. वाट एकाच दिशेची होती.

अब्बांनी मला पाहिलं. आयुष्यात ते माझ्याशी मराठीत बोलले नव्हते. तेव्हा बोलले. मोडकं बोलले, पण अहोजाहो करून.

"गुरुजी, पोरांना चपला काढायला सांगता का जरा?"

मुली हसल्या. एकीनं विचारलं, "सर, हे बाबा कोण हायेत?"

"इथलेच आहेत," मी म्हणालो.

"काढायच्या का सर चपला?"

मागून ढकलाढकल सुरू झाली होती. शिट्टी पुन्हा वाजली. मी म्हणालो, "मागं गर्दी आहे. चला, थांबू नका."

अब्बा मान डोलावून म्हणाले, "व्हय, व्हय. वेळ नाय गुरुजींना."

सगळा वर्ग तिथून गेला. मीही गेलो. पायात बूट होते. बुटाची नाडी सोडायला किती वेळ लागतो हे मी नंतर अनेकदा पाहिलं आहे. फारसा लागत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी वह्यांवर काही ओतलं नाही. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "आज धंदा नहीं हुआ. इस्कूलवाले आए थे."

आठ दिवसांनी साहेबांनी बोलावलं. तक्रार आली होती की म्हातारा वाट अडवतो, रांग तुंबते, पैसे घेतो. "तुम्ही लिहून द्या, गुरुजी, की वडील इथं बसणार नाहीत. नाहीतर पहारेकरी उचलून बाहेर काढंल, ते बरं दिसणार नाही." मी लिहून दिलं. कागद त्यांचा, पेन माझं. अब्बांची सही घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. मुलगा या नात्यानं मीच केली. घरात मी हे सांगितलं नाही. पहारेकऱ्यानं त्यांना सांगितलं, "चाचा, तुमच्याच पोरानं लिहून दिलंय."

त्यानंतर अब्बा दर गुरुवारी तिकीट काढून आत जायचे. तिकीट काढलेल्याला कुणी अडवू शकत नव्हतं, आणि थांबूही देत नव्हतं. ते रांगेतून चालत यायचे, चार पावलं अनवाणी टाकायचे, ओठ हलायचे, आणि पहारेकरी "चला चाचा" म्हणेपर्यंत पुढं सरकलेले असायचे. कबरीपाशी म्हणायची फातिहा, मृतासाठीची दुवा, पुरी व्हायची नाही. मग फाटकातून बाहेर, नदीकाठानं वळसा घालून पुन्हा खिडकीपाशी, पुन्हा तिकीट. दोन-तीन फेऱ्यांत त्यांची एक फातिहा पुरी व्हायची. तिकिटांची अर्धुकं ते घरी आणून माझ्या पुस्तकांत खूण म्हणून घालायचे. मी कुठलंही पुस्तक उघडलं की ती निघायची.

एकदा मी म्हणालो, "अब्बा, माझी चूक झाली."

ते खळ ढवळत होते. "चूक क्या? तेरा हिसाब बराबर था. कच्ची कबर, दगड नहीं, नाम नहीं. मैंच बोलता था, मिट्टी को मिट्टी रहने दो." मग काठी झटकून म्हणाले, "तू पढ़ा-लिखा निकला. मैं तेरेकु पढ़ाया."

याहून कठोर ते कधीच बोलले नाहीत, आणि याहून दुसरं काही बोललेही नाहीत.

ते उन्हाळ्यात गेले. दोन दिवस अंथरुणावर होते. शुद्धीत होते तोवर जागेबद्दल त्यांनी शब्द काढला नाही. मी वाट पाहत होतो की ते मागतील. त्यांनी मागितलं असतं तर मी साहेबांच्या पायावर डोकं ठेवलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही. मी पायावर डोकं ठेवणाऱ्यांतला नाही, हे त्यांना माहीत होतं.

सकाळी चाचा कुदळ घेऊन दारात आले. "कहाँ खोदूँ, मास्तर?"

मी कचेरीत गेलो. बिडकीनचे साहेब बदलून गेले होते. नवीन साहेबांनी कपाटातून ती बांधलेली यादी काढली. एका पानाचाही टाका सुटलेला नव्हता. त्यांनी बोट फिरवत सगळी पानं पाहिली, सावकाश, माझ्यासमोर. "तुमच्या घराची कबर आत दिसत नाही." मी म्हणालो, नाही. त्यांनी विचारलं, ही यादी कुणी केली, काही राहून गेलं असेल तर त्याच माणसाकडून लिहून आणा. मी सांगितलं की मीच केली. त्यांनी यादी मिटली.

अब्बांना शहराबाहेर, शेंद्र्याच्या रस्त्यावरच्या नव्या कबरस्तानात नेलं. तिथं तेव्हा झाड नव्हतं. ओळी आखलेल्या, खुंट्या मारलेल्या. चाचा सोबत आले होते, पण तिथं त्यांना खोदू दिलं नाही. तिथला माणूस वेगळा होता. मातीच्या तीन मुठी टाकून मी बाजूला झालो. मोहल्ल्यातले लोक मला हात लावून सांत्वन करत होते, आणि त्यातले बरेच यादीतल्या घरांचे होते.

चाळिसाव्या दिवसानंतर मी गवंडी नेला आणि अब्बांच्या कबरीवर दगड बसवला. उर्दूत आणि मराठीत नाव कोरून घेतलं. त्यांना हे चाललं नसतं. चाचांनी विचारलं, "वो तो कच्ची बोलते थे ना?" मी म्हणालो, हो. तरी बसवला. आयुष्यात मी त्यांचं एकदाच ऐकलं नाही असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही.

घुमटाकडं गाड्या तीन-चार हिवाळे आल्या. मग बोळातून मोठी बस वळत नाही म्हणून चालकांनी तिकडं येणं सोडलं, आणि गर्दी पुन्हा मकबऱ्यापाशीच होऊ लागली. तिकिटाची खिडकी बंद झाली. ठरलेला नियम कुणी रद्द केला नाही, त्यामुळं यादीबाहेरच्या कुणाचं दफन तिथं आजही होत नाही.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अम्मी फरशीखाली आहे, चार पावलांतली नेमकी कुठली फरशी ते आता मला सांगता येत नाही. चाचाही गेले. अब्बा शेंद्र्याच्या रस्त्यावर दगडाखाली आहेत. दोन्हींच्या मध्ये शहर आहे, आणि दोन्हीकडं जाणारा मी एकटाच आहे.